मायच्या नावाची सुट्टी

चंद्रभान सेठच्या गादीमागं भितीवर अकरा खिळे होते. अकरा ट्रकाइचे अकरा. ड्रायव्हर सुट्टीवर निंगाला की त्यानं आपल्या हातानं चावी खिळ्याले टांगाची, अन् ज्याचा नंबर असन त्यानं ती काढून घ्याची. परत आल्यावर "माही गाडी कुठं हाये" इचाराची सोय नाई. रांगेत बसा अन् खिळ्याइकडं पाहत राहा. मी सहा वर्सं क्लीनर होतो. लायसन भेटल्यावर अजून सात महिने त्या रांगेत बसलो, तवा कुठं आठ नंबरची चावी माया खिशात आली. अन् चावी येऊन एकवीस दिवस झाले नाई त मले सेठले एका महिन्याची सुट्टी मांगाची पाळी आली. तेबी कापसाच्या सीझनात, अकोल्यात गाठीवर गाठ चढून राहिली होती तवा.

तुमी म्हनसान, येडा होता का तू? नाई जी. आयका.

माही बायको मैना सातवी पास. दर्यापूरकडं आमचं गाव, त्या गावात आमच्या वस्तीत सातवी शिकलेली बाई ती एकटीच. एकोनसाठ सालची गोष्ट. गावाले बालवाडी मंजूर झाली अन् गुर्जीनं मैनाचं नाव लावलं. अट एकच होती, अमरावतीले एक महिना ट्रेनिंग. सोमवारी सुरू. जो हजर राहनार नाई त्याचं नाव कटलं अन् खालचं वर आलं. अन् कागदावर साफ लिवलं होतं की सोबत मूल आणू नये.

आमची शकुन चौदा महिन्याची. तिले माही माय चतुराबाई सांभाळनार होती, बंदं ठरलं होतं. पन त्याच हप्त्यात माय कापसाचं गाठोडं घेऊन बांधावरून घसरली अन् उजवा हात मोडून बसली. मैनाले माय नाई. बहीन नाई. मंग मैनाचं कार्ड आलं. बोलाले बसली की मैना आमच्यासारखीच बोलते, पन लिवाले बसली की पुस्तकावानी लिवते. "आपण आलात तरच माझे जाणे होईल. न आल्यास रविवारी सकाळी गुरुजींना नाव कमी करण्यास सांगेन. काळजी नसावी."

काळजी नसावी! ते कार्ड मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. एका खिशात चावी, दुसऱ्यात कार्ड. गाडी चालवतानी गियर चुकू लागला. नत्थुजी वस्तादानं एकदा इचारलंबी, "तब्बेत बरी नाई का बे?" नत्थुजी म्हंजे ज्यायच्या हाताखाली मी क्लीनर होतो ते. जातीचे माळी, पन्नाशीचे, बोलनं कमी अन् हात जड. मले ड्रायव्हर करा म्हनून सेठपाशी त्यायनंच शब्द टाकला होता. त्यायलेबी मी काई सांगतलं नाई. सांगू काय? पोट्टी सांभाळाले महिनाभर सुट्टी पायजे म्हनून? मरद मानूस लेकराचे लंगोट धुवाले घरी बसते हे आयकलं असतं त बंदा अकोला हासला असता. लय लाज वाटत होती मले. खरं तेच सांगतो.

शनिवारी सकाळी मात्र गादीवर जाच लागलं. दुसरा दिवसच उरला नोयता. माया म्होरं सहदेव उभा होता, पाच नंबरवाला. बहिनीच्या लग्नासाठी आठ दिवस मांगत होता.

"टांग चावी," सेठ म्हनला.

"सेठ, एकच बहीन हाये. बाप नाई आमाले."

"मंग टांग ना. मी कुठं नाई म्हनलं?"

सहदेव बिचारा चावी मुठीत घेऊन तसाच मांगं सरकला. सेठनं बंद्याइकडं नजर फिरवली अन् म्हनला, "सीझनात लगन नाई, बारसं नाई, जत्रा नाई. कोनाच्या घरी मरन असन त बोला. बाकी तोंड उघडू नका." मंग माह्याकडं पाहून म्हनला, "तुले काय पायजे रे, श्रावण?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, मी खरंच सांगाले तोंड उघडलं होतं. पन आठ नंबरचा खिळा सेठच्या डोक्याच्या बरोब्बर वर होता, अन् मले दिसलं की आता माही चावी तिथं लटकनार.

"माय वारली," मी म्हनलं.

झालं. शब्द बाहेर पडला. भेवानं डोळ्यातून पानी आलं, अन् लोकाइले वाटलं मायसाठी रडून राहिला. सेठ गादीवरून उठला. तो मानूस कोनासाठी उठत नसे. त्यानं माया खांद्यावर हात ठेवला. "कवा गेली?"

"आज. मानूस आल्ता सांगाले."

"जा. तेरवी करूनच ये. तेरा दिवस. मरनाच्या सुट्टीत चावी टांगा लागत नाई."

तेरा दिवस! मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागलो की तेरा दिवस मी सांभाळतो, तवरोक मायचा हात जरासा बरा होईन, मंग कसंबी निभावून नेऊ. तेवढ्यात बाकड्यावरून नत्थुजी म्हनले, "सेठ, यायच्यात आता तेरवी नसते. तीन दिवसात बंदं उरकते. याचा बुढा गेला तवा हा चौथ्या दिवशी गाडीवर हजर होता."

खरंच होतं ते. दोन वर्साआधी बाप गेला तवा मीच याच गादीवर छाती फुगवून सांगतलं होतं, की आमी दीक्षा घेतली, आमी आता केस काढत नाई, तेरवी घालत नाई, गावजेवनाच्या पायी कोनाच्या दारी जात नाई. केवढा टेचात सांगतलं होतं! तेच आता माया नरड्याशी आलं.

"असं का?" सेठ म्हनला. "मंग तीन दिवस घे."

मायले मारून काय भेटलं त तीन दिवस. खोट्याच्या कपाळी गोटा म्हनतेत तो असा. पन गोटा अजून पुरा लागला नोयता. सेठनं हाक मारली, "आठ नंबर खाली हाये न? गाठी दुपारून भरू. जे ड्रायव्हर मोकळे असन ते बंदे मातीले जा. आपल्या मानसाची माय हाये."

आमच्या गादीवर ती रीतच होती. कोनाचे मायबाप गेले की गाडी भरून मानसं मातीले जात. मीबी दोनदा गेल्तो. हे मले आधी आठवाले नको होतं का? पन भेवानं मानसाचं डोकसं चालत नाई. मी "कायले तरास, मी मोटारनं जातो" म्हनलं, त नत्थुजीनं माया खिशातून चावी काढून घेतली. "रडत्या मानसानं स्टेरिंग धरू नाई. बस बाजूले."

मांगं सहा जन चढले. सहदेवबी चढला, बहिनीच्या लग्नाचं दुख गिळून. कॅबिनात नत्थुजी अन् मी.

बजारात त्यायनं गाडी थांबवली. त्यायची बायको पार्बताबाई तिथं फुलं इकाले बसे. नत्थुजी उतरले अन् थोड्या वेळानं एक गठुडं घेऊन आले. माया मांडीवर ठेवलं. आत पांढरं कापड होतं, झेंडूचा हार होता अन् कागदात गुंडाळलेल्या मेनबत्त्या.

"तुमच्यात मेनबत्त्या लावतेत न आता?" ते म्हनले. "बुढ्याच्या टायमाले पाह्यलं होतं मी. सात घेतल्या. पुरतीन का?"

"पुरतीन," मी म्हनलं. दुसरं काय म्हनू?

मूर्तिजापूर येईलोक मनात एकच चालू होतं की गाडी बंद पडावी, टायर फुटावं, काई तरी व्हावं. एरवी ती गाडी दहा कोसात दोनदा रुसे, त्या दिवशी मात्र घोड्यावानी पळत होती. दर्यापूरचा रस्ता लागला. दोन्हीकडं कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. आता एक तास. मंग अर्धा तास. मी कापडाचं टोक बोटानं चुरगाळत बसलो.

मंग नत्थुजी बोलाले लागले. एरवी त्यायच्या तोंडून चार शब्द निंगाले त दिवाळी.

"तुया मायच्या हातची भाकर खाल्ली मी. आठवते का? गाडी फसली होती तुमच्या गावापाशी, अन् तिनं आंबाडीची भाजी न भाकर वाढली होती. लाजत लाजत इचारलं होतं तिनं, 'आमच्या घरचं चालन का जी?'" ते म्होरं रस्त्याइकडंच पाहत होते. "मी जेवलो. घरी गेल्यावर भावाले समजलं, त चार महिने बोलला नाई तो मायासंग. पन मी बुढीले ते कदी सांगतलं नाई. कायले तिच्या जिवाले लावाचं?"

मले आयकवलं नाई जी. मारलं असतं, शिव्या देल्या असत्या त पचलं असतं.

"वस्ताद, गाडी थांबवा," मी म्हनलं. "माय जित्ती हाये."

त्यायनं आधी आयकलंच नाई. मी परत सांगतलं. तवा गाडी कचकन थांबली अन् मांगून कॅबिनच्या टपावर थापा पडल्या, "काय झालं जी? काय झालं?"

नत्थुजीनं माया थोबाडीत देली. एकच, पन कान सुन्न झाला. मंग म्हनले, "कावून?"

मी खिशातून कार्ड काढलं. त्यायले वाचता येत नसे, म्हनून मीच वाचून दाखवलं, "काळजी नसावी" पर्यंत. ट्रेनिंगचं सांगतलं, मायच्या हाताचं सांगतलं, शकुनचं सांगतलं. ते आयकत राह्यले.

"लेकरू सांभाळाले सुट्टी पायजे?"

"हो."

"महिनाभर?"

"हो."

"मंग हे सेठले कावून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"लाज वाटली!" ते ओरडले. "अन् मायले मारतानी नाई वाटली?"

त्यायनं मले खाली उतरवलं अन् गाडीच्या मांगं उभं केलं. "सांग यायले. तुया तोंडानं सांग." मी वर पाहून बंदं सांगतलं. मले वाटलं हासतीन. कोनीच हासलं नाई. हासले असते त बरं झालं असतं.

सहदेव तेवढा बोलला. "मी खरं सांगतलं त मले सुट्टी नाई. याची माय चांगली जित्ती हाये अन् हा गाडीभर मानसं घेऊन निंगाला. वा रे वा!" तो बाजूले थुकला अन् पाठ करून बसला. त्याचं काय चुकलं सांगा? मले त त्याच्याइकडं पाहाचीबी हिंमत झाली नाई.

मले वाटलं आता गाडी फिरवतीन. पन नत्थुजीनं ती म्होरंच काढली. "बुढीचं तोंड पाह्याले निंगालो," ते म्हनले, "पाह्यल्याबिगर फिरत नाई."

घरी पोचलो त माय अंगनात बसली होती. उजव्या हाताले बांबूच्या खपच्या बांधलेल्या. शकुनच्या कमरेले लुगड्याची चिंधी बांधून तिनं ती खाटेच्या पायाले अटकवली होती, पोट्टी पळून जाऊ नाई म्हनून. मायनं आधी ट्रक पाह्यला, मंग उतरनारी मानसं पाह्यली, मंग माया हातातलं पांढरं कापड. तिचं तोंड उतरलं. घाबरत घाबरत उभी राह्यली.

"कोन गेलं रे, श्रावण?"

मी खाली पाह्यलं. "तू."

"मी?" माय म्हनली. "कवा?"

"आज सकाळी. दहा वाजता."

ती माह्याकडं पाहत राह्यली. मंग हळूच खाली बसली. मैना दारात येऊन उभी होती, तिनं बंदं आयकलं. मायनं पदरानं तोंड पुसलं अन् इचारलं, "सुट्टी किती भेटली मंग?"

"तीन दिवस."

"मी मेली अन् तीनच दिवस?"

एवढ्या रागातबी मांगं कोनाले तरी खुदकन हासू आलं. मले मात्र धरनी फाटून पोटात घेईन त बरं असं झालं होतं. मैना पायरी उतरून आली. "मी नाई जात," ती म्हनली. "आताच गुर्जीले सांगून येतो. तुमी गाडीवर वापस जा." आवाज शांत होता तिचा, पन पदर मुठीत घट्ट धरलेला. तिची पेटी दारामांगं बांधून ठेवलेली मले दिसली. नव्या सुतळीनं बांधलेली. गाठीवर गाठ.

नत्थुजीनं शकुनची चिंधी सोडली, तिले उचललं अन् माह्यापाशी देलं. मंग खिशातून आठ नंबरची चावी काढून माया म्होरं धरली.

"सेठले मी खोटं सांगनार नाई," ते म्हनले. "जे झालं ते बंदं सांगीन. मंग काय ते तूच बोल. चावी घेतं, का टांगू?"

सात वर्सं मी त्या चावीसाठी घासलो होतो जी. गाडीखाली झोपलो, ऑइल खाल्लं, मार खाल्ला. शकुननं हात लांब करून ती चावी धरली अन् तोंडात घालू लागली. मैनानं मान फिरवली. तिले वाटलं मी काय बोलीन ते तिले ठाऊक हाये.

"टांगा," मी म्हनलं.

मैना लेकराले माह्याकडून घ्याले हात म्होरं करून आली होती, तिचे हात तसेच राह्यले. ती रडली, अन् मीबी रडलो. चावीसाठी रडलो का तिच्यासाठी, ते आजबी सांगता येत नाई.

मानसं गाडीत चढू लागली. नत्थुजीनं गठुडं उचललं त माय म्हनली, "हे कुठं वापस नेता भाऊ? ठेवा इथंच. आज ना उद्या लागनच मले." तिनं डाव्या हातानं कापड अन् मेनबत्त्या आपल्या पेटीत ठेवल्या. हार मैनाकडून दाराले बांधून घेतला.

मैना दुसऱ्या दिवशीच्या मोटारनं गेली. मी महिनाभर शकुनले सांभाळलं. इहिरीवरच्या बाया हासल्या, पारावरचे लोक हासले, मंग हासून हासून थकले. अकोल्याले वापस गेलो तवा आठ नंबर दुसऱ्याच्या हातात होती. सेठ म्हनला, "तुया शब्दावर आता मी पानीबी पिनार नाई." पन हाकललं नाई. परत क्लीनर केलं, नत्थुजीच्याच गाडीवर. सव्वा वर्स मी परत फडकं मारलं, तवा तीन नंबरची चावी भेटली.

गादीवर माही गोष्ट काई मेली नाई. दर सीझनले कोनी सुट्टी मांगाले निंगाला की दुसरा म्हने, "श्रावणच्या मायले मारा, तीन दिवस भेटतीन." मीबी हासे. हासल्याबिगर काय करू?

सासष्ट सालच्या जानेवारीत सकाळी गावचा मानूस आला. सीझनच होता. मी गादीवर गेलो. डोळ्यात एक थेंब नोयता.

"माय वारली, सेठ," मी म्हनलं.

बाकड्यावरचे नवे पोट्टे खो-खो हासाले लागले. सेठनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं. त्याले खरं वाटलं का खोटं ते मले समजे ना. रड म्हनलं मी सोताले, आता तरी रड, नाईतर कोनी मानत नाई. नाई आलं रडू. मी चावी काढली अन् खिळ्याले टांगली.

नत्थुजी तवा गाडी चालवत नसत, नुसते येऊन बसत. ते उठले, माया तोंडाइकडं पाह्यलं अन् चपला घालू लागले. हासनं बंद झालं.

सेठनं खिळ्यावरून चावी काढली अन् माया हातात देली. "मरनाच्या सुट्टीत टांगत नाई," तो म्हनला. "किती दिवस?"

"तीन."

त्या दिवशी स्टेरिंगवर मीच बसलो. बजारात आल्यावर नत्थुजी म्हनले, "थांबव. कापड घ्या लागते, मेनबत्त्या घ्या लागतीन."

"घरी हायेत, वस्ताद," मी म्हनलं. "मायच्या पेटीत."

मंग गाडी थांबवाच लागली. मले म्होरचा रस्ता दिसत नोयता.